पंचवीसवर आणलेली व्हॅन

आम्रपालीला स्वस्थ बसता येत नाही, हे खडकीच्या क्वार्टर्समध्ये ती चालायला लागली तेव्हापासून सगळ्यांना ठाऊक होतं. वडील दारूगोळा कारखान्यात कामाला. घर कारखान्याच्या भोंग्यावर चालायचं, भोंग्यावर चहा आणि भोंग्यावर डबा. ही पोरगी मात्र भोंगा व्हायच्या आधीच चपला घालून दारात उभी. कुठे निघालीस, असं आईनं विचारलं की तिला उत्तर सुचायचं नाही, कारण निघायचं तेवढं ठरलेलं असायचं, कुठे ते नाही. विहारात सगळी मुलं मिळून वंदना म्हणत, तेव्हा ही शेवटच्या ओळीवर पोचून, डोळे उघडून बाकीच्यांची वाट बघत बसायची. मोठी माणसं रागवत, पण रागवून होईपर्यंत ती तिथून गेलेली असायची.

नव्वदच्या दशकात पुण्यात गल्लोगल्ली कॉम्प्युटरचे क्लास निघाले. ज्याच्या त्याच्या पोराला प्रोग्रॅमर व्हायचं होतं, तसं वडिलांनी हिलाही घातलं. तिथे सर फळ्यावर चौकोन काढून, त्यांना बाण जोडून विचार कसा करायचा ते शिकवत. आम्रपालीला विचार करायला एवढा वेळ लावायची सवय नव्हती. शेजारच्या खोलीत व्हिडिओ एडिटिंगचा वर्ग चाले, पडद्यावर माणसं हलताना दिसत. ती एकदा दारातून डोकावली आणि तिकडेच बसली. लग्नाच्या कॅसेटी जोडायला कॉम्प्युटर कशाला लागतो, असं वडील म्हणाले. पण क्लासची फी परत मिळत नव्हती, त्यामुळे विषय तिथेच मिटला.

पहिली नोकरी तिला बिबवेवाडीला माधवशेठांच्या दुकानात लागली. बाहेर फोटो स्टुडिओ, आत एडिटिंग. कॉम्प्युटर कंपन्यांत लागलेल्या पोरांच्या लग्नांचे ते दिवस होते. दर दोन लग्नांमागे एका नवऱ्याचा मोठा भाऊ अमेरिकेहून यायचा आणि येताना स्वतःचा हँडीकॅम आणायचा. माधवशेठांचा माणूस मांडवात शूटिंग करतच असे, तरी हा भाऊ त्याला ढकलून पुढे घुसायचा, आणि माझंही त्यात घाला म्हणून कॅसेट दुकानात देऊन जायचा. इथून रडगाणं सुरू. आपल्याकडचा कॅमेरा एका सेकंदात पंचवीस चित्रं काढायचा, अमेरिकेतला तीस. दोन्ही एका पट्टीत नुसती जोडली की भावाच्या कॅमेऱ्यातला नवरदेव अडखळत चाले, जणू पायात कुणाचं तरी धोतर अडकलंय. माधवशेठांनी यावर दुकानात एक शिस्त घालून दिली होती. कॅमेरा कुणाचाही असो, आधी सगळं पंचवीसवर आणायचं आणि मगच चहा प्यायचा.

पुढे नवे कॅमेरे आले. ते सेकंदाला पन्नास चित्रं काढत. कॉम्प्युटरला सांगायचं, ही पंचवीसची समज. मग तो पन्नास चित्रं दोन सेकंदांत पसरून दाखवी आणि सगळं निम्म्या वेगानं चाले. अक्षता हवेत तरंगत येत. नवरीनं मान वळवली की बघणाऱ्याचा श्वास अडके. गिऱ्हाइकं या संथपणावर लट्टू होती, आणि तो संथपणा करून देणारी बाई पुण्यात सगळ्यात अस्वस्थ होती, ही गंमत माधवशेठ चारचौघांत सांगत. आम्रपालीच्या बोटांना त्याची इतकी सवय झाली की ती डोक्याला विचारेनाशी झाली. समोर जे येईल ते निवडायचं, पंचवीसवर आणायचं, पुढे. आणि त्या मधल्या काळात पाय टेबलाखाली हलत असायचा.

लग्नानंतर ती वारज्याला राहायला आली. नवरा हिंजवडीला कंपनीत. तो घरात असला की झोपलेला आणि नसला की मीटिंगमध्ये. मुलगी अपेक्षा शाळेत जाऊ लागली तशी आम्रपालीनं दुकान सोडून घरातच एका खोलीत काम मांडलं. अपेक्षाला शाळेत ने-आण करायला होती हिराची व्हॅन. हिरा मुळशीकडची. नवरा गेल्यावर त्याचीच व्हॅन शिकून तिनं रस्त्यावर काढली आणि सोसायटीतली निम्मी मुलं तिच्याकडे आली. तिचं ते मुंगीच्या पावलांनी गाडी चालवणं म्हणजे आम्रपालीच्या जिवाला घोर. स्कूटरवरून त्या व्हॅनच्या मागे सापडली की ती हॉर्नवरचा अंगठा मोठ्या कष्टानं आवरायची. पण मूल आत असलं की तीच चाल बरी वाटायची, हेही खरं.

आता सोसायटीच्या कॅमेऱ्यांविषयी सांगायला हवं. ते बसवले तेव्हा बसवणाऱ्यानं सेकंदाला किती चित्रं ठेवू असं विचारलं होतं. सेक्रेटरी रंगनाथराव बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी कमीत कमी किती चालतील ते विचारलं. बारा ठेवली तर डिस्क लवकर भरणार नाही, असं कळल्यावर बारा ठरली. त्या वर्षीच्या सभेत या काटकसरीबद्दल रंगनाथरावांचं अभिनंदन झालं. पंचवीस काय करायची आहेत, चोर काही नाचत येत नाही, असं ते म्हणाले आणि लोक मनापासून हसले.

त्या सकाळी हिरा रिकामी व्हॅन घेऊन मुलांना न्यायला आत आली. पार्किंगमध्ये तात्याराव फेऱ्या मारत होते. बायको गेल्यापासून एकटे राहणारे, बोलायला तिखट, चालायला मंद, अंगात इस्त्रीचा शर्ट. लोकांनी त्यांची आरोळी ऐकली आणि धावत जाऊन पाहिलं, तर तात्याराव आडवे, पुढ्यात व्हॅन आणि हिरा त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसलेली. मनगट मोडलं होतं. प्रत्यक्ष घडताना कुणी पाहिलं नव्हतं. मी आधीच थांबले होते, असं हिरा सांगत होती. तात्यारावांना समोर पांढरी गाडी आणि मग छताचे पाइप, एवढंच आठवत होतं.

रंगनाथरावांनी वॉचमनच्या केबिनमधल्या टीचभर पडद्यावर पाहिलं, पण अंधारात काही उमगेना. तेव्हा ते पेन ड्राइव्ह घेऊन आम्रपालीकडे आले. जरा मोठं करून, उजळ करून द्या, रविवारी सभेत लावू, म्हणाले. त्याच वेळी फोनवर बिबवेवाडीच्या एका नवरीची आई होती आणि तिला मुलीच्या पाठवणीतलं स्वतःचं रडणं कमी करून हवं होतं. आम्रपालीनं फोन खांद्यात धरला, क्लिप घेतली, पंचवीसवर आणली, मोठी केली, उजळ केली. मोठी करताना चित्राच्या कोपऱ्यात उमटणारं वेळेचं घड्याळ चौकटीबाहेर गेलं. तिनं एकदा चालवून उजेड तेवढा पाहिला. बारा चित्रांची क्लिप पंचवीसवर आणली की दुप्पट पळते, हे ती झोपेतही सांगू शकली असती. पण सोसायटीच्या कॅमेऱ्याला बारा चित्रं ठेवली आहेत हे तिच्या लक्षात नव्हतं, आणि लवकर उरकणारी कुठलीही गोष्ट तिला कधी खटकलीच नव्हती.

रविवारी संध्याकाळी पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या, भिंतीवर चादर लावली. प्रोजेक्टर आम्रपालीचाच. क्लिप सुरू झाली आणि पांढरी व्हॅन फाटकातून अशी मुसंडी मारून आत आली की पुढच्या रांगेतल्या बायकांनी पाय वर घेतले. तात्याराव तुरुतुरु येतात, व्हॅन वळते, तात्याराव कोलमडतात. कुणीतरी पुन्हा लावा म्हटलं. पुन्हा लावलं. खांबाशी हिरा उभी होती. तिच्याकडे कुणी बघत नव्हतं आणि ती चादरीवरून नजर काढत नव्हती.

“मी एवढ्या जोरात आले व्हय?” ती म्हणाली.

तिनं हे कुणालाच विचारलं नव्हतं. वायर गुंडाळताना आम्रपालीनं ते ऐकलं, आणि ऐकून वायर गुंडाळत राहिली. मग हिरा पुढे आली, तात्यारावांसमोर वाकली, हात जोडले. चूक झाली म्हणाली. उद्यापासून ही व्हॅन फाटकाच्या आत नाही, असं रंगनाथरावांनी जाहीर केलं, आणि मुलांच्या आईबापांनी तिथल्या तिथे दुसऱ्या व्हॅनवाल्याचे नंबर शोधायला सुरुवात केली.

एकटे तात्याराव खुशीत होते. मनगटाला प्लास्टर, तरी डोळे चमकत होते. त्यांनी आम्रपालीला बाजूला घेऊन ती क्लिप आपल्या फोनवर मागितली. मुलगा शंभू अमेरिकेत. बाबा, आता एकट्यानं राहणं पुरे, चांगल्या वृद्धाश्रमात सोय करतो, असा त्यानं लकडा लावला होता. त्याला आपली चाल दाखवायची होती. व्हॅनचं जाऊ दे, मी कसा चालतोय ते बघ म्हणावं. आम्रपालीनं ती पाठवली. म्हातारा माणूस खूश झाला, याचं तिला बरंही वाटलं.

दुसऱ्या दिवशी अपेक्षाला स्कूटरवरून शाळेत सोडून ती घरी आली आणि गॅलरीत कपडे वाळत घालू लागली. खाली तात्याराव फेरी मारत होते. तिनं चादर टाकली, नवऱ्याचे शर्ट टाकले, अपेक्षाचे मोजे जोडीजोडीनं लावले आणि सहज खाली पाहिलं. तात्याराव अजून लिफ्टपासून तिसऱ्या गाडीशीच होते. क्लिपमध्ये हाच माणूस एवढं अंतर चुटकीसरशी तोडून गेला होता. चिमटा हातात धरून ती तशीच उभी राहिली.

आत जाऊन तिनं मूळ क्लिप उघडली. कोपऱ्यातलं घड्याळ भिंतीवरच्या घड्याळाबरोबर चालत होतं. मग आपल्या पद्धतीनं पंचवीसवर आणून पाहिली. भिंतीवरचा काटा एक घर पुढे जाई तेवढ्यात क्लिपमधलं घड्याळ दोन घरं उड्या मारत होतं. मूळ वेगात व्हॅन फाटकातून लहान मूल रांगावं तशी आली, वळताना थांबली. तात्याराव तिच्यापासून चांगले दूर होते. त्यांनी तिला थांब म्हणून हात वर केला, स्वतःच एक पाऊल मागे घेतलं, टाच कुंडीच्या कठड्याला अडली आणि ते पडले. व्हॅन तेव्हा जागची हललीही नव्हती. पळत्या क्लिपमध्ये हे थांबणं आणि पडणं एकाच झटक्यात उरकलं होतं, मधलं अंतर कुणाच्या डोळ्यांत भरलंच नव्हतं. आम्रपाली खुर्चीवरून उठली, बसली, परत उठली. आजवर तिची धावपळ सगळ्यांच्या चेष्टेचा विषय होती, स्वतःच्याही. तिच्यापायी कुणाचं काही गेलं नव्हतं. आता गेलं होतं, आणि तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

ती तशीच रंगनाथरावांकडे गेली आणि एका दमात सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“मॅडम, काल आपण गाडी पळवलीत, आज चालवताय,” ते म्हणाले. “पुढच्या रविवारी उलटी नेऊन दाखवाल. हिरा आपल्या मुलीला नेते, हे आम्हाला माहीत आहे.”

हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. खोटं दाखवलं तेव्हा सगळ्यांनी मान डोलावली, आणि खरं दाखवायला गेली तर ती ओळखीच्या बाईसाठी लबाडी करणारी ठरत होती. कोपऱ्यातल्या घड्याळाचं तिनं सांगितलं, तर तेही आपल्याच कॉम्प्युटरमध्ये आहे ना, असं त्यांनी विचारलं. केबिनमधलं मूळ रेकॉर्डिंग तर तोवर पुसलंही गेलं होतं, डिस्क जुनं पुसून नवं साठवत असे. तरी रोज दोनदा बेल वाजवून तिनं त्यांना इतकं भंडावलं की पुढच्या रविवारी टाकीच्या विषयानंतर पाच मिनिटं देतो, असं कबूल करून त्यांनी सुटका करून घेतली.

मग ती हिराकडे गेली. वारज्याच्या जुन्या गावठाणात तिची खोली. बाहेर व्हॅनवर ताडपत्री घातलेली. आम्रपालीनं चूक माझी होती, तुझी गाडी हळूच होती, असं सांगितलं. हिरानं चहा टाकला. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि त्यातलं काहीच घेतलं नाही, हे तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं.

“ताई, तुम्ही चांगुलपणानं बोलताय,” ती म्हणाली. “पण मी डोळ्यांनी बघितलंय. मला वाटायचं मी हळू हाय. लेकरं मागं बसवून एवढी पळवत व्हते आन् मला कळत नव्हतं, ह्याचीच भीती वाटते. चावी हातात घेववत नाय.”

गिऱ्हाईक बघून व्हॅन विकायची आणि पोळ्यांची कामं धरायची, असं तिनं ठरवलं होतं. आम्रपाली चहा तसाच टाकून उठली. रविवारी नुसती ये, एवढं तिनं तीन-तीनदा बजावलं. घरी परतताना तिनं स्कूटर एकदा रस्त्याच्या कडेला उभी केली, कारण डोळ्यांतून पाणी येत होतं आणि समोरचं दिसत नव्हतं.

शेवटचे राहिले तात्याराव. त्यांच्याकडे जायला तिला सगळ्यात जड गेलं. शंभूचा फोन येऊन गेला होता. बाबा, तुम्ही तर माझ्यापेक्षा जोरात चालता, असं तो म्हणाला होता आणि वृद्धाश्रमाचं नावही काढलं नव्हतं. हे तात्यारावांनी तिला दारातच सांगितलं. मग तिचं ऐकत असताना त्यांचा चेहरा हळूहळू मिटत गेला.

“म्हणजे मी म्हातारा झालोय, हे आता सोसायटीला चादरीवर दाखवणार तर.”

तिला दुसरं काही गोड सुचलं नाही. ती हो म्हणाली.

“अपेक्षाला शाळेत कोण सोडतं हल्ली?”

“मीच. स्कूटरवर.”

“दोघी लवकर पोचत असाल,” असं म्हणून त्यांनी दार लावून घेतलं.

रविवारी टाकीचा विषय संपता संपेना. आम्रपाली खुर्चीत बसली, उठली, प्रोजेक्टर पुसला, परत पुसला. हिरा फाटकाशी, आत येऊ की नको अशी उभी होती. तात्यारावांची खुर्ची रिकामी होती. शेवटी पाच मिनिटं मिळाली आणि तिनं मूळ क्लिप लावली, घड्याळासकट. लोकांनी पाहिली. कुजबुज झाली. हे हळू केलेलं दिसतंय, असं मागून कुणीतरी म्हणालं. लग्नात करतात तसं, असं दुसऱ्यानं सांगितलं. पन्नासचं पंचवीस करून तिनं इतकी वर्षं ज्यांना खूश केलं, तेच आता तिच्यावर विश्वास ठेवत नव्हते, आणि त्यांना दोष देण्यात काही अर्थ नव्हता. रंगनाथराव घड्याळाकडे बघायला लागले.

तेवढ्यात लिफ्टचं दार उघडलं. तात्याराव इस्त्रीचा शर्ट घालून आले, खुर्च्यांच्या मधून वाट काढत भिंतीपाशी जाऊन उभे राहिले.

“आम्रपाली, आधी तुझं ते पळणारं लाव,” ते म्हणाले. “आणि रंगनाथराव, घड्याळाकडे नका बघू. माझ्याकडे बघा.”

तिनं लावलं. चादरीवरचे तात्याराव निघाले तसे खरे तात्यारावही निघाले, त्याच वाटेनं, प्लास्टरचा हात पोटाशी धरून. चादरीवरचा माणूस पोचून पडलासुद्धा, तेव्हा खरा माणूस निम्म्यात होता. काही जण हसले. मग कुणी हसलं नाही, कारण ते थांबले नव्हते. तळवे घासत, मध्ये एका गाडीचा आधार घेत, ते कुंडीपर्यंत चालत गेले आणि तसेच परत मूळ जागी आले. सगळी सभा त्यांची वाट बघत बसली.

“आता दुसरं लाव.”

या वेळी दोघं बरोबर चालले. चादरीवरच्यानं पाय उचलला की यांचाही उचलला जाई. चादरीवरचे तात्याराव थांबले आणि त्यांनी हात वर केला, तेव्हा हेही थांबले. त्यांनी मागे वळून कुंडीच्या कठड्याकडे पाहिलं.

“इथे मी मागे सरलो,” ते म्हणाले. “मला कुणी पाडलं नाही, रंगनाथराव. मी पडलो. पहिल्या दिवसापासून थोडं थोडं आठवत होतं, पण गाडीनं पाडलं म्हणणं जरा बरं दिसत होतं.”

रंगनाथरावांनी स्वतःची खुर्ची त्यांच्याकडे सरकवली. तात्याराव बसले, दम खाल्ला. मग फोन काढून आम्रपालीच्या हातात दिला आणि शंभूला ही दुसरी पाठव, असं सांगितलं. तिनं ती तिथल्या तिथे पाठवली. व्हॅनला फाटक मोकळं, हे सभेनं हात वर करून मान्य केलं. हिरासाठी कुणीतरी टाळ्याही वाजवल्या. हिरानं मान खाली घातली आणि सभा उठायच्या आधीच निघून गेली.

सोमवारी सकाळी व्हॅन आली, पण फाटकाबाहेरच थांबली. मुलं दप्तरं घेऊन उभी. आम्रपाली खाली उतरली. हिरा स्टीअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसली होती, इंजिन बंद.

“ताई, आज जरा बाजूला बसा,” ती म्हणाली. “मला कळंना झालंय. जोरात वाटली तर सांगा.”

आम्रपालीला त्या दिवशी एक लग्न द्यायचं होतं. फोन सारखा वाजत होता. तिनं तो बंद केला आणि पुढच्या सीटवर बसली. मुलं चढली, अपेक्षा मागे खिडकीशी. व्हॅन हलली. मुठेवरच्या पुलाकडे जाताना मागच्या गाड्यांनी हॉर्न मारून उच्छाद मांडला. एक रिक्षावाला शेजारून काहीबाही बोलून गेला. सायकलवरचा एक शाळकरी पोरगाही त्यांना मागे टाकून गेला. आम्रपालीचे पाय आपोआप हलायला लागले, तेव्हा तिनं हातांनी गुडघे दाबून धरले.

“जोरात न्हाई ना?” हिरानं विचारलं.

“नाही.”

पुलावर तिनं पुन्हा विचारलं. उतारावर पुन्हा. दर वेळी आम्रपाली नाही म्हणाली, आणि दर वेळी हिरा तिच्या तोंडाकडे बघून घेई. शाळा दिसायला लागली तेव्हा घंटा होऊन गेली होती. फाटक बंद होतं. मुलं उतरली. उशीर झाला म्हणून अपेक्षानं आईकडे रागानं पाहिलं, कारण घरात उशिराचा राग आईनंच शिकवला होता.

रिकामी व्हॅन परत वळवताना हिरा म्हणाली, “उद्या पण याल?”

“येईन,” आम्रपाली म्हणाली. “तुला कळायला लागेपर्यंत येईन.”

हिरानं पहिला गिअर टाकला.